फोनला दात नसतात

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साताऱ्यातली आणि सांगलीतली काही माणसं साडेदहा वाजता टक्क जागी असतात. एरवी या वेळेला पोवई नाका निवांत होत आलेला असतो आणि विश्रामबागेत कुत्र्यांची पाळी सुरू झालेली असते. पण त्या रात्री तिकडे कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात, कुणीतरी पडद्यावर चालत येतं आणि गेल्या वर्षीच्या फोनपेक्षा यंदाचा फोन किती पातळ, किती वेगवान आणि किती नारिंगी आहे ते सांगायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर प्रश्न तयार असतो. "नवा आलाय. घ्यावा का रं?" विचारणाऱ्याच्या हातात फोन असतो, आणि तो चालू असतो. त्याच फोनवर त्यानं रात्री तो सगळा कार्यक्रम न अडखळता पाहिलेला असतो, त्याच फोननं आत्ता चहाचे पैसे भरलेले असतात आणि त्याच फोनवरून हा प्रश्न चार ग्रुपांवर टाकूनही झालेला असतो. घरच्या जुन्या गड्यालाच "तुझ्या जागी दुसरा बघून ये" म्हणून बाजारात धाडावं, तसला हा प्रकार. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की, "घ्यावा का?" हे विचारलं जातं तेव्हा घ्यायचं ठरून गेलेलं असतं, आणि पुढचे पंधरा दिवस चालतो तो निकालानंतरचा खटला. हे सिद्ध करायचं तर साक्षीदार म्हणून बैल बोलवावा लागेल.

या दोन जिल्ह्यांना खरेदीची अक्कल नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. खरसुंडीच्या पौषी यात्रेत किंवा पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला आलेला माणूस बघावा. तो आधी बैलाकडे बघतच नाही. शेजारच्या बैलाकडे बघतो, आभाळाकडे बघतो, भज्यांच्या गाड्याकडे बघतो. मग सहज आल्यासारखा येतो. "दाताला कसा हाय?" "चौसा." "उघड." मालक बैलाचा खालचा ओठ ओढून धरतो आणि हा वाकून दात मोजतो, कारण मालकाच्या शब्दावर त्याचा विश्वास नसतो आणि पाचपैकी साडेचार तारे ही भानगड बैलबाजारात अजून पोचलेली नाही. मग खूर, मग शिंगांची ठेवण, वशिंड, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. "चालवून दाव." मालक चालवून दाखवतो. "औताला बसतो का?" "छ्या!" "मारतो?" "लेकरू पोटाखाली खेळलं तरी पाय उचलायचा न्हाय." "मग इकतोस कशाला?" हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा. त्याचं उत्तर समाधानकारक आलं तर हात टॉवेलाखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही, आणि एवढं सगळं झाल्यावर हा माणूस "बघू" म्हणून भजी खायला निघून जातो. आता हाच माणूस, किंवा फार तर त्याचा मुलगा, फोन कसा घेतो? दहा मिनिटांचा एक व्हिडिओ. त्यात एक पोरगा खोकं उघडतो, डोळे मोठे करतो आणि फोन उन्हात तिरका धरतो. संपली परीक्षा. २०२५ च्या आयफोन १७ ची भारतातली सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती. एवढ्या पैशाचं जनावर दात न बघता दावणीला आणणाऱ्याला खरसुंडीत चहासुद्धा कुणी पाजणार नाही. मुख्य म्हणजे, "मग इकतोस कशाला?" हे कंपनीला कुणी विचारत नाही. गेल्या सप्टेंबरात जो फोन आजवरचा सर्वोत्तम म्हणून शपथेवर सांगितला होता, त्याला बारा महिन्यांत एवढं काय झालं, ही साधी चौकशी राहून जाते.

अडचण अशी आहे की फोनला दात नसतात. बैलाचं वय त्याच्या तोंडात लिहिलेलं असतं. दुधाचे दात आहेत तोवर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. औताच्या बैलाचा भाव या दातांबरोबर चढत जातो, कारण आदत खोंडाला अजून सरळ चालायचं शिकवावं लागतं आणि जुळत आलेला बैल मालकाच्या आधी तासाला वळतो. पुढे वय झालं की भाव उतरतो, पण उतरण्यापूर्वी तो चढलेला तरी असतो. फोनचं उलटं आहे. खोक्यावरची प्लास्टिकची पट्टी ओढली त्या क्षणी तो आयुष्यात सर्वांत महाग असतो, आणि तिथून खाली, आणखी खाली. फोन आदत विकला जातो आणि दुसा व्हायच्या आत म्हातारा ठरतो. मग वय सांगायला दात नाहीत तर काय करायचं? कंपन्यांनी आकडे शोधून काढले. आणि हे आकडे दातांइतके प्रामाणिक असतील असं समजू नये. २०१७ साली आयफोन ८ च्या पाठोपाठ एकदम १० आला. ९ नावाचं वासरू जन्मालाच आलं नाही. वनप्लसनं ३ नंतर ४ गाळून ५ गाठला. २०२२ च्या आयफोन १४ मध्ये चिप होती ती ए-१५, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या १३ मध्येही तीच ए-१५, एक-दोन किरकोळ फरक सोडता. त्याच बैलाच्या शिंगांना नवा रंग देऊन पुढच्या यात्रेला "हा धाकटा भाऊ" म्हणून उभा केला, तर पुसेगावात त्या मालकाला यात्रा संपायच्या आधी गाव सोडावं लागेल. इथे मात्र पहाटेपासून रांग लागते.

आता खटल्याकडे. जुन्या फोनवर आरोपपत्र ठेवण्याची सुरुवात त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशीच होते. काल संध्याकाळपर्यंत जो गुणी होता, तो आज हँग होतोय. बॅटरी टिकत नाही. आवाज फाटतोय. पलीकडच्याला ऐकू येत नाही, असं पलीकडच्याकडून वदवूनही घेतलं जातं. "माझा आवाज तुटतोय का रं?" "न्हाय." "नीट ऐक. तुटतोय." "जरा... हां, तुटतोय वाटतं." नोंद झाली. इथे कुणी जाणकार हरकत घेईल की, फोन मुद्दाम मंद होतात हे काही निव्वळ मनाचे खेळ नाहीत. बरोबर आहे. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं स्वतः कबूल केलं होतं की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग आपणच आतून कमी करतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. आणि हे ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला. पण या प्रकरणातला सर्वांत मौजेचा भाग लोक विसरतात. मंद झालेल्या त्या फोनवर औषध काय होतं? नवी बॅटरी. ती बसवली की फोन पुन्हा पहिल्यासारखा पळायचा. बैल लंगडायला लागला तर शेतकरी पत्र्या मारणाऱ्याला बोलावतो, लगेच दलालाला बोलावत नाही. आणि हँग होण्याचं म्हणाल, तर त्या फोनच्या पोटात काय काय आहे ते एकदा उघडून बघावं. चार वर्षांच्या शुभ सकाळी. सूर्योदय, गुलाब, वाफाळता कप, त्यावर सुविचार. दत्तजयंतीचे पंचेचाळीस दत्त. लग्नातल्या जेवणाच्या पंगतीचा साडेसात मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात शेवटी कुणीतरी "बंद कर की" म्हणतं. एवढं पोटात घेऊन जो फोन अजून चालतोय, त्याचा मालकानं सत्कार करायला हवा.

मग येतो कॅमेरा. खटल्यातला हा सरकार पक्षाचा भक्कम मुद्दा. "आता कासला फुलं लागलीत, आणि या फोनवर काय घंटा फोटो येतो?" ठीक आहे, कासला जाऊ. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली त्यांत हे पठार आहे, आणि तिथली निम्मी मौज अशी की फुलं चिमुकली. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल करंगळीच्या नखाएवढं. ते टिपायला गुडघे टेकून, कोपरं चिखलात रोवून, श्वास रोखून झोपावं लागतं. मागून सुरक्षारक्षकाची शिट्टी ऐकू येत असते आणि डोक्यावरून पावसाची भुरभुर. यात फोनचा वाटा किती आणि गुडघ्यांचा किती, याचा हिशेब कुणी करत नाही. गुडघ्यांचं अपग्रेड अजून निघालेलं नाही, आणि निघालं तर त्याची रांग आयफोनपेक्षा मोठी असेल. पण समजा, हातात दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. असे फोन बाजारात आहेत. हे यंत्र नेहमीच्या वापरात काय करतं? शेजारशेजारचे सोळा ठिपके एकत्र बांधून त्यांचा एक ठिपका करतं, आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हातावर ठेवतं. याला तांत्रिक कारण आहे, त्यानं फोटो उजळ येतो, हेही खरं. मग तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो जातो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिथे व्हॉट्सॲप त्याला रसवंतीच्या चरकातून काढावं तसं पिळून आणखी बारीक करतं. तिकडे कऱ्हाडला आत्याबाई काच तडकलेल्या फोनवर, चष्मा नसताना, तो अर्धा सेकंद बघतात आणि हात जोडल्याचं चित्र पाठवतात, कारण त्यांना ते देवावर वाहिलेलं फूल वाटतं. २०२३ पासून फोटो जास्त स्पष्ट पाठवायची सोय व्हॉट्सॲपनं दिलेली आहे, असा आक्षेप येईल. दिलेली आहे. ते एचडीचं बटण दाबून फोटो पाठवणारे काका कुणाच्या घरात असतील तर त्यांचाच फोटो काढून ठेवावा, दुर्मीळ आहेत.

एवढ्यावर विरोधी वकील उठतो आणि किर्लोस्करांचं नाव घेतो, आणि सांगली जिल्ह्यात किर्लोस्करांचं नाव निघालं की बसून ऐकावंच लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोक म्हणाले, लोखंडानं जमीन बाधते, विष कालवलं जातं. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि त्याच नांगरांनी मुलूख उलटापालटा केला. "तुमच्यासारखी शंकेखोर माणसं तेव्हा होती म्हणूनच दोन वर्षं गेली," असा वकिलाचा टोला. मुद्दा वजनदार आहे, पण तो उलटा पडतो. ज्या शेतकऱ्यानं दोन वर्षं नांगर घेतला नाही त्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे. त्यानं जे केलं ते मात्र कुणी बघत नाही. तो बांधावर उभा राहिला. लाकडी नांगराचं तास किती खोल जातं आणि लोखंडी नांगराचं किती, हे त्याला दुसऱ्याच्या रानात, आपल्या डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यानं कमरेची पिशवी सोडली नाही. आणि दिसल्यावर मागे हटलाही नाही. फोनमध्येसुद्धा असा नांगर एकदा येऊन गेला. २००३ साली आलेला नोकिया ११००. त्याच्या डोक्यावर बॅटरीचा दिवा होता, बटणांत धूळ जात नव्हती, आणि जगभरात तो पंचवीस कोटींच्या आसपास खपला. रात्री अकराला लाइट येणार आणि तेव्हाच उसाला पाणी द्यायचं, अशा माणसाला तो दिवा म्हणजे काय हे सांगायला कॅलिफोर्नियातून कुणी चालत यावं लागलं नाही. वाटेत साप दिसला की कळायचं. त्यानंतर मोटारीचे मोबाइल स्टार्टर आले. घरात अंथरुणावरून फोन लावला की नदीकाठची मोटार सुरू. हाही नांगरच. आणि गंमत बघा, त्या मोटारीला पलीकडून आयफोन लागला की दोन हजारांचा बटणाचा फोन, यातलं काही कळत नाही. ती दोघांनाही सारखंच पाणी देते. तेव्हा नव्याला विरोध कुणाचाच नाही. तास किती खोल जातं तेवढं दाखवा, ही मागणी आहे. यंदाच्या फोननं गेल्या वर्षीच्या फोनपेक्षा किती बोटं खोल नांगरलं, हे व्हिडिओतला पोरगा सांगत नाही. तो फोन उन्हात तिरका धरतो.

पैशांचा मुद्दा या खटल्यात कधी निघतच नाही, कारण तो हप्त्यानं निकाली काढलेला असतो. "महिन्याला किती बसतंय फक्त? रोजचे दोन चहा सोड." चहा कुणी सोडत नाही. "आणि व्याज शून्य टक्के हाय." रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावून ठेवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठल्या ना कुठल्या खिशातून निघतंच, प्रक्रिया शुल्क म्हणा, नाहीतर रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळाली असती ती म्हणा. आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे मिळावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते कधी मिळतात हे उसाच्या मालकाला विचारावं, फक्त जेवणाच्या वेळी विचारू नये. हप्ता मात्र पाच तारखेला पहाटे, कोंबड्याच्या आधी उठून कापला जातो. पण दुकानातला खरा प्रसंग हप्त्याच्या टेबलावर घडत नाही, तो एक्स्चेंजच्या काउंटरवर घडतो, आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. तिथे एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा असतो. तो तुमचा जुना फोन हातात घेतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत खरसुंडीचा होतो. आधी उताणा करून बघतो. मग कडेनं अंगठा फिरवतो, जिथे पडल्याचा पोचा आहे तिथे अंगठा थांबतो आणि तो वर न बघता "हं" म्हणतो. पडदा पांढरा करून कुठे डाग आहे का पाहतो, काळा करून पाहतो. स्वतःलाच फोन लावून "हॅलो हॅलो" करतो. बॅटरीची टक्केवारी काढतो. "बिल हाय?" "आहे." "खोकं?" "आहे की." "कधी उघडलावता?" "आईशप्पथ, कधीच नाही." "मग इकताय कशाला?" इतका वेळ हरवलेला प्रश्न इथे सापडतो. अख्ख्या दुकानात बैलबाजाराची अक्कल शिल्लक असलेला हा एकटाच माणूस, आणि तो नेमका तुमचा फोन विकत घेणारा असतो. यानंतर तो जो आकडा सांगतो तो ऐकून गिऱ्हाईक दुखावतं, आणि पंधरा दिवस ज्या फोनवर खापर फोडलं त्याचीच वकिली करायला लागतं. "अहो, कसला हँग होतोय! पाण्यासारखा चालतो. बॅटरी दोन दिवस जाते." सरकारी वकील असा ऐन वेळी आरोपीच्या बाजूनं उभा राहिलेला फक्त इथे बघायला मिळतो.

एक्स्चेंजचा भाव पटला नाही की आक्षेप येतो तो माणुसकीचा. जुना फोन काय वाया जातोय? घरातच राहील. इथून एक फार जुनी परंपरा सुरू होते, जिला प्रगती म्हणतात. नवा फोन नवऱ्याकडे, नवऱ्याचा बायकोकडे, बायकोचा सासूबाईंकडे, आणि सासूबाईंचा धाकट्याकडे खेळायला. "तुला पण चांगला फोन मिळतोय की," हे वाक्य साताऱ्याच्या माचीपासून सांगलीच्या गावभागापर्यंत एकाच सुरात ऐकू येतं. "माझा चांगला चाललाय," असं बायको म्हणते. तिचं खरं असतं. पण साखळीतली एक कडी हलली की सगळ्यांना हलावं लागतं, आणि सासूबाईंना, ज्यांना नातेवाइकांचे सगळे फोन हिरव्या बटणापासून तीन बोटं खाली पाठ झालेले असतात, पुन्हा पहिलीत बसावं लागतं. पंधरा दिवस त्या ज्याला फोन लावतात त्याचा व्हिडिओ कॉल लागतो, आणि विट्याच्या पाव्हण्याला पहाटे साडेपाचला त्यांच्या कानाचं दर्शन घडतं. नवा फोन एकानं घेतला, शिक्षण चौघांचं झालं. शेवटचा फोन जातो ड्रॉवरमध्ये. सांगलीशेजारी हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. पेव भरून तोंड बंद केलं की आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, भाव आला की पेव उघडायचं. प्रत्येक घराच्या ड्रॉवरमध्ये आता असं एक पेव आहे. त्यात तीन फोन, त्यांतल्या एकाची बॅटरी फुगून पाठ वर आलेली, पाच चार्जर, त्यांतला एकही कुणाला न लागणारा, आणि कानात घालायच्या वायरींचा असा गुंता की ज्याच्याकडे बघून माणूस ड्रॉवर पुन्हा लावून टाकतो. फरक एवढाच की या पेवातल्या मालाला भाव येण्याची वाट कुणीच बघत नाही. फुगलेल्या बॅटरीचा तेवढा बंदोबस्त करावा, ती हळद नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याची थट्टा करता येत नाही. फोन फार जुना झाला की त्याला सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं, बँकेचं ॲप रुसतं, आणि ज्या काळात जतला बसलेल्या माणसाचा खिसा भलत्याच राज्यातून रिकामा होतो त्या काळात हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कबूल. पण फार जुना म्हणजे किती? व्हॉट्सॲपनं १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड किटकॅटवरच्या फोनांना रामराम केला. किटकॅट आलं होतं २०१३ मध्ये. म्हणजे अकरा वर्षं व्हॉट्सॲपनं सांभाळून घेतलं. इतकी वर्षं तर फारशा आघाड्या टिकत नाहीत. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गुगलनं आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस-२४ पासून सॅमसंगनं सात-सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलंय. सगळ्या स्वस्त फोनांना ही सवलत नाही, हे ध्यानात ठेवावं. घेतानाच किती वर्षं अपडेट मिळणार ते विचारावं, तो फोनचा त्यातल्या त्यात दात म्हणता येईल. सात वर्षांचा आकडा कासच्या पठाराला ओळखीचा आहे. तिथली टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मधली सहा वर्षं ती हिरव्या टोपल्या पालथ्या घालून गप्प बसलेली असते, आणि दर सप्टेंबरात शेजारची इतर फुलं नव्या रंगात येतात म्हणून तिनं कधी मनाला लावून घेतलेलं नाही.

तर मग या सगळ्याला उतारा काय? विवेक हा उतारा नाही. तो असता तर हा लेख लागला नसता, आणि विवेकाचा एवढा पुरवठा लेखकाकडेही नाही, हे फोन न काढता इथेच सांगून टाकलेलं बरं. उतारा सापडलाय तो पंचांगात. आयफोन १६ ची विक्री सुरू झाली २० सप्टेंबर २०२४ ला आणि आयफोन १७ ची १९ सप्टेंबर २०२५ ला. दोन्ही तारखा पितृपक्षात. २०२५ मध्ये तर तो जाहीरसुद्धा पितृपक्षातच झाला, ९ सप्टेंबरला. ज्या पंधरवड्यात आपल्याकडे केरसुणीसुद्धा कुणी विकत आणत नाही त्या पंधरवड्यात लाखाच्या घरातली वस्तू विकायला काढायची, ही हिंमत परदेशी माणसालाच होते. इथे घरातली म्हातारी माणसं एका वाक्यात जे करतात ते रिझर्व्ह बँकेलाही जमलेलं नाही. "आत्ता नको बाबा, पक्ष चाललाय." झालं. पंधरा दिवस मिळाले. या पंधरा दिवसांत जुना फोन पडत नाही, हँग होत नाही, बॅटरीही बऱ्यापैकी टिकते. काहींनी २०२५ ला आणखी एक आशा धरली होती, की २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू होतायत तर फोन स्वस्त होईल. मोठा टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइल १८ वर होता तो १८ वरच राहिला. तरी दसऱ्याला, म्हणजे साडेतीन मुहूर्तांतल्या एकाला, राजपथावर आणि हरभट रोडवर दुकानांसमोर गाड्या लावायला जागा नव्हती आणि त्या नारिंगी आयफोन १७ प्रोची, ज्याला कंपनी कॉस्मिक ऑरेंज म्हणते आणि आपण भगवा म्हणतो, चौकशी सगळ्यांत जास्त. त्याची किंमत तेव्हा १,३४,९०० पासून पुढे होती. एवढ्या पैशांत बैल येतो, पण बैल खिशात मावत नाही, आणि टपरीच्या टेबलावर पालथा ठेवून "कुठं काय, असाच घेतला" असं म्हणताही येत नाही.

तेव्हा घ्यायचाच असेल तर पक्ष संपल्यावर घ्या. त्याआधी जुन्या फोनमधले पंचेचाळीस दत्त पुसा, बॅटरी बदलून एक आठवडा चालवून बघा, आणि एक्स्चेंजच्या त्या पोराला मधे घालून भाव करा, त्याला सगळं कळतं. पेढे आणलेत तर कंदीच आणा; पाव किलो पुरत नाहीत. आणि दुकानातून निघायच्या आधी चार्जरचं विचारा. २०२० पासून तो आयफोनच्या खोक्यात नसतो.